हवेची बंदूक आणि नेमाचा अभ्यास



चैत्रातील भैरवनाथाच्या यात्रेनिमित्त सोनारीस गेलो असता एका विद्यार्थ्याचे वडील मला भेटले. फुगे फोडण्याच्या दुकानापुढे त्यांचा मुलगा बंदूक खांद्यास लावून उभा होता. त्याने दहा छऱ्यांत सात फुगे फोडले, तेव्हा भोवतालच्या मंडळींनी शाबासकी दिली आणि वडिलांचा चेहरा आनंदाने फुलून आला. ते मला बाजूस घेऊन म्हणाले, "गुरुजी, पोरगा यंदा गणितात सुटला, तर त्याला छऱ्याची बंदूक घेऊन द्यावी म्हणतो. जोंधळ्यावरची पाखरं तरी उठवील. तुम्हांला काय वाटतं? घ्यावी का?"

मी त्या वेळी काहीतरी बोलून उत्तर टाळले. ते टाळण्यास एक कारण होते. ते मी या लेखाच्या शेवटी सांगणार आहे. परंतु प्रश्न मनातून गेला नाही. असाच प्रश्न इतर पालकांसही पडत असेल, असे समजून त्याचे उत्तर येथे सविस्तर देण्याचे योजिले आहे.

१. बंदूक कशी चालते

आपल्या तालुक्याच्या गावी, परांड्यास, जो भुईकोट किल्ला आहे, त्याच्याशी एका प्रचंड तोफेचे नाव जोडलेले आहे. १५४९ साली अहमदनगरास ओतलेली 'मलिक-ए-मैदान' ही तोफ काही काळ परांड्याच्या किल्ल्यात होती व १६३२ साली ती विजापुरास नेण्यात आली. तिचे वजन सुमारे ५५ टन भरते. आज आपण जिचा विचार करणार आहोत, त्या बंदुकीचा छर्रा जेमतेम अर्ध्या ग्रॅमचा असतो. तथापि दोन्ही यंत्रांचे तत्त्व एकच आहे. नळीत कोंडलेला वायू पसरू पाहतो आणि पुढे असलेल्या गोळ्यास ढकलतो. तोफेत तो वायू दारू पेटल्याने उत्पन्न होतो. हवेच्या बंदुकीत आपली रोजची हवाच दाबून भरलेली असते.

ही युक्ती नवी नव्हे. अठराव्या शतकाच्या अखेरीस ऑस्ट्रियाच्या सैन्यातील काही तुकड्यांस जिरांदोनी नावाच्या कारागिराने केलेल्या हवेच्या बंदुका दिलेल्या होत्या, आणि १८०३ साली अमेरिकेच्या पश्चिम भागाचा शोध घेण्यास निघालेल्या लुईस व क्लार्क यांनीही तशी एक बंदूक बरोबर नेली होती. यात्रेतील बंदुकीची नळी मोडून खाली दाबली म्हणजे आतील स्प्रिंग दबते. चाप ओढताच ती सुटते व दट्ट्या हवेस पुढे लोटतो. स्पर्धेतील आजच्या बंदुकीस मात्र दाबलेल्या हवेची नळकांडी जोडलेली असते, त्यामुळे स्प्रिंगचा धक्का हातास बसत नाही. नळीच्या आतील पृष्ठभागावर मळसूत्रासारख्या खाचा असतात. त्यांमुळे छर्रा स्वतःभोवती फिरत बाहेर पडतो व भोवरा जसा फिरता असेपर्यंत तोल सांभाळतो, तसा तोही आपली दिशा सांभाळतो.

२. फुगा आणि ठिपका

आता त्या सात फुग्यांचा विचार करू. दुकानातील फुगा ओंजळीएवढा आणि अंतर चार-पाच पावलांचे. याउलट स्पर्धेत अंतर १० मीटर असते. लक्ष्याचा कागद पाहिला तर मध्यभागी ३०.५ मिलिमीटर व्यासाचे काळे वर्तुळ दिसते, म्हणजे साधारण रुपयाच्या नाण्याहून थोडे मोठे. त्या काळ्या भागाच्या बरोबर मध्यावर एक पांढरा ठिपका असतो. त्याचा व्यास अर्धा मिलिमीटर, म्हणजे खसखशीच्या दाण्याहूनही लहान. त्यास छर्रा लागला तर दहा गुण. प्रत्येक वर्तुळ बाहेर गेले की एकेक गुण कमी. छर्रा ४.५ मिलिमीटर जाडीचा असल्यामुळे त्याची कड जरी ठिपक्यास लागली तरी दहा मिळतात. मोठ्या स्पर्धांत तर दहाचेही दशांश मोजतात आणि सर्वोत्तम नेमास १०.९ गुण देतात. असे साठ नेम उभ्याने मारावयाचे असतात.

येथे थोडे गणित करू. बंदुकीच्या मागील टोकाशी डोळा लावण्याचे एक छिद्र असते आणि नळीच्या पुढील टोकावर नेम धरण्याची खूण असते, तिला माशी म्हणतात. समजा, या दोहोंमधील अंतर ८० सेंटिमीटर आहे आणि माशी आपल्या जागेवरून फक्त १ मिलिमीटर सरली. समरूप त्रिकोणांच्या नियमाने १० मीटरवर किती चूक पडेल? १० मीटर म्हणजे ८० सेंटिमीटरच्या साडेबारा पट. म्हणून चूक साडेबारा मिलिमीटरची. दोन वर्तुळांमधील अंतर अडीच मिलिमीटरचे असते, तेव्हा छऱ्याचा मध्य पाच वर्तुळे बाहेर गेला! हाताशी एका मिलिमीटरची चूक आणि लक्ष्याशी निम्मे गुण गेले. फुगा असता तर तो तरीही फुटला असता व आपणांस चूक झाल्याचे कळलेही नसते. फुगा मोठा असल्यामुळे आपल्या चुका पदरात घेतो; ठिपका त्या उघड करून दाखवितो. ज्यास शिकावयाचे आहे, त्याने आपल्या चुका दाखविणाऱ्याची सोबत धरावी.

दुसरे एक उदाहरण पदार्थविज्ञानाचे. छऱ्याचा वेग सेकंदास सुमारे १७० मीटर धरला, तर १० मीटर जाण्यास त्यास सुमारे ०.०६ सेकंद लागते. तेवढ्या अवधीत गुरुत्वाकर्षणाने तो किती खाली येईल, हे नववी-दहावीच्या विद्यार्थ्यांनी स्वतः काढावे. उत्तर पावणेदोन सेंटिमीटरच्या आसपास आले पाहिजे. म्हणून छिद्राची उंची स्क्रूने बसवून घ्यावी लागते.

३. आधी नियम, मग नेम

बंदूक हातात घेण्यापूर्वी जे पाठ असावयास पाहिजे, ते असे :

पहिले : बंदूक भरलेली असो वा रिकामी, ती भरलेलीच आहे असे समजावे. 'मला वाटले रिकामी आहे' हे वाक्य म्हणण्याची पाळी येऊ देऊ नये.

दुसरे : नळीचे तोंड लक्ष्याखेरीज कोठेही फिरवू नये, थट्टेने तर कधीच नाही.

तिसरे : नेम लागेपर्यंत बोट चापावर ठेवू नये.

चौथे : लक्ष्याच्या मागे काय आहे हे पाहावे. छर्रा दगडावर किंवा पत्र्यावर आपटून परत फिरतो. अर्ध्या ग्रॅमचा तो तुकडा डोळ्यात गेला तर डोळा जातो. म्हणून नेम मारणाऱ्याने व पाहणाऱ्यानेही संरक्षक चष्मा लावावा.

पाचवे : छर्रे शिशाचे असतात आणि शिसे विषारी आहे. यात्रेतील दुकानात काही मुले छर्रे तोंडात धरून एकेक काढतात, ते पाहून अंगावर काटा येतो. सराव झाल्यावर साबणाने हात धुतल्यावाचून भाकरीस हात लावू नये.

पालकांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. कोणती बंदूक परवान्यावाचून ठेवता येते व कोणती येत नाही, हे तिच्या नळीच्या मापावर व शक्तीवर अवलंबून असते. तेव्हा विकत घेण्यापूर्वी पोलीस ठाण्यात चौकशी करावी. तसेच १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणे बहुतेक रानपाखरांची शिकार हा गुन्हा आहे. जोंधळ्यावरील पाखरे उठविण्यास आपल्या वाडवडिलांची माळ्यावरची आरोळी आणि गोफणीचा आवाज पुरेसा होता. त्याने पाखरू उडत असे, मरत नसे.

४. उभे कसे राहावे

मी स्वतः ही विद्या चाळिशी उलटल्यावर, आणि तीही योगायोगाने, थोडीशी शिकलो. काही विद्यार्थ्यांस घेऊन एका शहरातील नेमबाजीच्या शाळेत गेलो होतो. तेथील शिक्षिका वयाने माझ्याहून पुष्कळ लहान, त्यांनी मलाच पुढे बोलावले व म्हणाल्या, "गुरुजी, मुलांना सांगण्याआधी आपण उभे राहून पाहा." मी उभा राहिलो. पाच छर्रे मारले. त्यांतील दोन कागदास लागलेच नाहीत. उरलेले तीन एकमेकांची ओळख नसल्यासारखे तीन कोपऱ्यांत जाऊन बसले. मुले हसली, व ते योग्यच झाले. नंतर त्या बाईंनी मला जे शिकविले, ते क्रमाने सांगतो. हे उजव्या हाताने नेम धरणाऱ्यास लागू आहे. डावखुऱ्याने उलट समजावे.

लक्ष्याकडे तोंड करून नव्हे, तर डावी कूस करून उभे राहावे. पावले खांद्यांइतकी दूर. डावे कोपर कमरेच्या हाडावर टेकवावे आणि त्या हातावर बंदूक ठेवावी. स्पर्धेतील बंदूक साडेपाच किलोपर्यंत भारी असू शकते. ती दंडाच्या बळावर तोलून धरू गेल्यास क्षणात हात कापू लागतो. स्नायू थकतो, हाड थकत नाही. म्हणून भार हाडांवरून सरळ जमिनीत उतरला पाहिजे. पाण्याची घागर कमरेवर घेऊन येणाऱ्या आपल्या आयाबहिणींस हे तत्त्व शिकवावे लागत नाही.

मग डोळे मिटावे, अंग सैल सोडावे, आणि डोळे उघडून पाहावे. बंदूक लक्ष्याच्या बाजूस वळलेली दिसली, तर हाताने ती ओढून आणू नये. पावले किंचित सरकवावीत. ओढून आणलेला नेम ऐन वेळी आपल्या जागी परत जातो. मन मारून केलेल्या अभ्यासाचेही असेच होते. तो परीक्षेच्या दिवशी पळून जातो.

नंतर श्वास. श्वास घेताना छाती वर येते व बंदूक हलते. म्हणून श्वास घ्यावा, सोडावा, आणि सोडल्यानंतर जो स्वाभाविक विसावा असतो त्यात नेम धरावा. नजर माशीवर ठेवावी. दूरचे काळे वर्तुळ थोडे अंधुक दिसले तरी चालेल. चाप ओढावयाचा नसतो. बोटाच्या पेराने हळूहळू दाबीत न्यावयाचा असतो. 'आता मारतो' असे मनात येताच माणूस हिसका देतो आणि नेम जातो. छर्रा सुटल्यावरही क्षणभर तसेच स्थिर राहावे.

आरंभी दहा गुणांकडे लक्ष देऊ नये. पाच छर्रे एकमेकांजवळ पडले की पुष्कळ झाले, मग ते मध्यापासून दूर का असेनात. एकत्र पडलेल्या छऱ्यांचा दोष स्क्रू फिरवून दुरुस्त करता येतो. विखुरलेल्यांस औषध नाही. नेहमी एकच चूक करणारा विद्यार्थी लवकर सुधारतो, आणि रोज नवी चूक करणाऱ्याची गुरुजींस चिंता वाटते, ती याच कारणाने.

५. न सुटलेला छर्रा

माझ्या शेजारी सुमारे बारा वर्षांची एक मुलगी सराव करीत होती. तिने बंदूक उचलली, नेम धरला, आणि न मारताच खाली ठेवली. पुन्हा उचलली, पुन्हा खाली. तिसऱ्या वेळीही तेच. मला वाटले, मुलगी भित्री आहे किंवा थकली आहे. चौथ्या वेळी तिने छर्रा सोडला आणि तो दहाच्या ठिपक्यास लागला. मी शिक्षिकाबाईंस त्याविषयी विचारले, तेव्हा त्या म्हणाल्या, "गुरुजी, तिने मारलेले सगळेच मोजतात. आपण तिने न मारलेले मोजा."

या एका वाक्यात साऱ्या विद्येचे सार आहे. नेम धरल्यावर थोड्याच सेकंदांत डोळा थकतो, रक्तातील प्राणवायू कमी पडू लागतो व हात थरथरतो. त्या वेळी मन म्हणते, 'इतका वेळ धरली आहे, आता मारूनच टाक.' जो मनाचे ऐकतो त्याचा नेम चुकतो. जो बंदूक खाली घेतो, दोन श्वास घेतो व पुन्हा पहिल्यापासून आरंभ करतो, तो नेमबाज होतो. सुटलेला छर्रा परत येत नाही. उगारलेली बंदूक मात्र खाली घेता येते. मनुष्यास स्वातंत्र्य आहे ते तेवढ्याच अवकाशात.

आपल्या मराठी भाषेने हे पूर्वीच ओळखले आहे. 'नेम' म्हणजे लक्ष्य साधणे, आणि 'नेम' म्हणजे नित्याचा नियमही. जो नेमाने वागतो त्याचाच नेम लागतो. नव्या कराराच्या मूळ ग्रीक भाषेत 'पाप' या अर्थी जो शब्द आहे, त्याचा जुना अर्थ 'नेम चुकणे' असाच होता. जुन्या करारात, शास्ते या पुस्तकात, बन्यामीन वंशातील सातशे डावखुऱ्या गोफणकरांची गोष्ट आहे. त्यांची गोफण केसभरही चुकत नसे असे तेथे सांगितले आहे. आणि तेथील 'चुकणे' याचे जे हिब्रू क्रियापद, तेच अन्यत्र पाप करण्याविषयी योजिलेले आहे.

६. आपल्या प्रांतातील नेमबाज

ही विद्या दूरच्या लोकांची, असे कोणी समजू नये. हवेच्या बंदुकीचा समावेश ऑलिंपिकमध्ये १९८४ साली झाला. मुंबईच्या अंजली भागवत यांनी २००० साली सिडनी येथे आणि सुमा शिरूर यांनी २००४ साली अथेन्स येथे या प्रकाराच्या अंतिम फेरीत स्थान मिळविले. अथेन्स येथेच पंजाबातील अभिनव बिंद्रा अंतिम फेरीत सातवे आले, आणि रिकाम्या हाताने परतले. ते चार वर्षे पुन्हा पहिल्यापासून झटले व २००८ साली बीजिंग येथे सुवर्णपदक जिंकले. त्या दिवशी शेवटचा नेम उरला असता फिनलंडच्या स्पर्धकाशी त्यांचे गुण समान होते. त्या शेवटच्या नेमास त्यांनी १०.८ गुण मिळविले. वैयक्तिक स्पर्धेतील भारताचे ते पहिले ऑलिंपिक सुवर्णपदक होय.

कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत २०१० साली म्युनिक येथे ५० मीटरच्या प्रकारात विश्वविजेत्या झाल्या. ठाण्याचे रुद्रांक्ष पाटील यांनी वयाच्या अठराव्या वर्षी, २०२२ साली, कैरो येथे हवेच्या बंदुकीचे विश्वविजेतेपद मिळविले. राधानगरी तालुक्यातील कांबळवाडी या खेड्याचे स्वप्नील कुसाळे यांनी २०२४ साली पॅरिस येथे ५० मीटर अंतरावरील, तीन आसनांच्या स्पर्धेत कांस्यपदक जिंकले. १९५२ साली खाशाबा जाधवांनी कुस्तीत मिळविलेल्या पदकानंतर महाराष्ट्राच्या खेळाडूचे हे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. कांबळवाडीचा मुलगा जेथे पोहोचला, तेथे परांडा तालुक्यातील मुलाने किंवा मुलीने पोहोचू नये असा कोठेही नियम नाही.

७. पालकांच्या प्रश्नाचे उत्तर

आता, यात्रेत मी उत्तर का टाळले, ते सांगतो.

मी दहा-अकरा वर्षांचा असताना शेजारच्या एका थोर मुलाची छऱ्याची बंदूक हट्टाने मागून आणली होती. दुपारची वेळ होती. घरात सर्वजण निजले होते. आमच्या विहिरीच्या थारोळ्यावर एक चिमणी पाणी पीत होती. मी बंदूक खांद्यास लावली. मला स्पष्ट आठवते, एकदा मनात आले की, नको. हात थोडा खालीही आला. पण बंदूक थोड्याच वेळाने परत द्यावयाची होती, आणि इतका वेळ नेम धरला तो फुकट जाऊ नये असे वाटले. मी चाप ओढला. आयुष्यात माझा नेम इतका अचूक कधी लागला नाही, आणि इतका चुकलाही नाही.

वडिलांनी मला मारले नाही. त्यांनी बंदूक धन्याच्या घरी पोचवावयास लावली, खुरपे माझ्या हाती दिले, आणि मी खळगा खणीपर्यंत ते शेजारी उभे राहिले. एक चिमणीही देवाच्या नजरेआड पडत नाही, हे मी रविवारच्या शाळेत अनेकदा ऐकले होते. त्या दुपारी ते मला कळले. पुढे तीस वर्षे मी बंदुकीस हात लावला नाही. ती मुलगी तीन वेळा बंदूक खाली ठेवताना पाहिली, तेव्हा मला कळले की दोष बंदुकीचा नव्हता. मला बंदूक उचलावयास कोणीही शिकवू शकले असते. खाली ठेवावयास कोणी शिकविले नव्हते.

म्हणून त्या गृहस्थांस व सर्व पालकांस माझे उत्तर असे आहे. बक्षीस म्हणून बंदूक घेऊन देऊ नये. पाखरांसाठी तर नकोच. मुलास खरोखर गोडी असेल, तर त्याला जाणत्या शिक्षकाच्या देखरेखीखाली, नेमबाजीच्या जागी न्यावे. तोपर्यंत घरी पुढील अभ्यास करावा, त्यास एक पैसाही लागत नाही.

१. रोज पाच मिनिटे, वर सांगितल्याप्रमाणे डावे कोपर कमरेवर टेकवून, हातात वजनदार काठी घेऊन स्थिर उभे राहावे. काठीचे टोक भिंतीवरील एका ठिपक्यावर किती वेळ राहते ते घड्याळात पाहून वहीत लिहावे.

२. श्वास सोडल्यानंतरच्या विसाव्यात सुईत दोरा ओवून पाहावा. आणि श्वास घेताना ओवून पाहावा. दोहोंतील फरक लिहावा.

३. राग आला असता, उत्तर ओठावर आले असता, ते एकदा खाली ठेवावे. दिवसात किती वेळा साधले, ते रात्री मोजावे. हा अभ्यास सर्वांत कठीण आहे, आणि तो शिक्षकांनीही करावा.

ज्या दिवशी आपला मुलगा, कोणी न सांगता, धरलेला नेम सोडून बंदूक खाली घेईल, त्या दिवशी ती त्यास खुशाल घेऊन द्यावी.